जुना फोन देण्यापूर्वी



मागील अंकात विश्वस्त मंडळाने जुन्या, पण चालू स्थितीतल्या मोबाइल फोनसाठी आवाहन केले होते. शिकणाऱ्या मुलांना आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ते फोन द्यायचे आहेत. त्या आवाहनानंतर अनेकांनी माझ्याकडे विचारणा केली. मी संगणकतज्ज्ञ नाही. क्लेमेंटीत राहणारी एक निवृत्त डॉक्टर आहे. पण आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळींना नवा फोन सुरू करून देण्याचे काम गेली काही वर्षे आपसूक माझ्याकडे आले आहे. त्यामुळे असे प्रश्नही माझ्याकडेच येतात, आणि ते बहुधा दोनच प्रकारचे असतात. "सिम काढले, फोटो पुसले, आता दिला तर चालेल ना?" हा एक. "नको बाई, त्यात बँकेचे सगळे आहे. कपाटात आहे तेच बरे," हा दुसरा.

पहिल्यांची काळजी अपुरी आहे आणि दुसऱ्यांची गरजेपेक्षा जास्त. सिम काढून आणि फोटो पुसून फोन रिकामा होत नाही. पण पद्धतशीर रिकामा केलेला फोन निर्धास्तपणे देता येतो. कपाटात ठेवलेला फोन दरवर्षी निरुपयोगी होत जातो, कारण काही वर्षांनी कंपनी त्याला सुरक्षेचे अपडेट देणे थांबवते आणि बँकांची अ‍ॅप्स त्यावर चालेनाशी होतात. म्हणून द्यायचा असेल तर वेळेवर द्यावा, आणि नीट रिकामा करून द्यावा. ते कसे करायचे, ते या लेखात क्रमाने सांगते.

फोनमध्ये कोणाकोणाचे काय असते

आपल्याला वाटते, फोनमध्ये आपले फोटो, आपले संदेश, आपले नंबर असतात. हे अर्धेच खरे आहे. येथील विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलाने वापरलेला फोन विकत घेतला आणि काही विचित्र दिसते म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. विकणाऱ्याने आपले खाते काढले होते, गॅलरीतले फोटो पुसले होते. पण फोन रिसेट केला नव्हता. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एका वृद्ध बाईंची डिस्चार्ज समरी होती. कुणाचा तरी बायोप्सीचा रिपोर्ट होता. दोन पासपोर्टांची पहिली पाने, एका लहान मुलाचा शाळा प्रवेशाचा अर्ज आणि कुठल्याशा गृहसंस्थेची सभासदांची नावे-नंबरांसह यादी होती. विकणाऱ्या गृहस्थांचे स्वतःचे असे त्यात फारच थोडे होते. आम्ही तो फोन तिथल्या तिथे रिसेट केला. पण त्या बायोप्सीच्या रुग्णाला आपला रिपोर्ट किती हातांतून गेला, हे कधीच कळणार नाही.

आपल्या सर्वांच्या फोनची हीच स्थिती आहे. आईचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचे म्हणून भाऊ पाठवतो. तिकीट काढायचे म्हणून नणंद आधार कार्डाचा फोटो पाठवते. नातवंडांचे आंघोळीचे, बारशाचे फोटो असतात. मंडळाच्या कामासाठी देणगीदारांची यादी असते. हे सारे लोकांनी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेले असते. रुग्णाने सांगितलेली गोष्ट ही त्याची ठेव असते, ती डॉक्टरने स्वतःच्या मालकीची समजू नये, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले गेले. फोनमधल्या माहितीलाही मी तोच नियम लावते. स्वतःच्या माहितीबद्दल "माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. दुसऱ्याच्या ठेवीबद्दल तसे म्हणता येत नाही.

इथे कायदा आपल्या मदतीला फारसा येत नाही, हेही लक्षात घ्यावे. सिंगापूरचा २०१२ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संस्थांना बांधतो. घरगुती, खासगी नात्याने माहिती बाळगणाऱ्या व्यक्तीवर तो जबाबदाऱ्या टाकत नाही. भारताच्या २०२३ च्या कायद्यातही व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. म्हणजे वहिनींचा रिपोर्ट आपल्या फोनमधून बाहेर गेला, तर बहुधा कोणी आपल्याला जाब विचारणार नाही. जबाबदारी आपणच ओळखायची आहे.

बाहेर गेलेले परत येत नाही

ही भीती काल्पनिक नाही, हे दाखवण्यासाठी दोन घटना सांगते. दोन्ही माझ्या क्षेत्राशी संबंधित आहेत.

पहिली इथलीच. २८ जानेवारी २०१९ रोजी सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की एचआयव्हीबाधित १४,२०० व्यक्तींची गोपनीय माहिती इंटरनेटवर उघड झाली आहे. त्यांत ५,४०० सिंगापूरचे नागरिक आणि ८,८०० परदेशी व्यक्ती होत्या. नाव, पत्ता, फोन नंबर, तपासणीचा निकाल, सगळे त्यात होते. त्या नोंदवहीपर्यंत कामानिमित्त पोहोच असलेल्या एका डॉक्टरच्या साथीदाराकडे ही माहिती गेली होती. २०१६ सालीच पोलिसांनी झडती घेऊन सापडले ते सर्व जप्त केले होते. तरीही माहितीचा काही भाग त्याच्याकडे उरला होता, हे नंतर उघड झाले. डिजिटल माहितीची एक प्रत कुठे राहिली, तर शंभर प्रती जप्त करूनही उपयोग नसतो.

दुसरी घटना अमेरिकेतली. न्यूयॉर्कमधील एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याने घेतलेली फोटोकॉपीची यंत्रे मुदत संपल्यावर परत केली. अशा यंत्रात हार्ड डिस्क असते आणि कॉपी केलेल्या कागदांच्या प्रतिमा तीत साठून राहतात, याचा कोणी विचार केला नव्हता. २०१० साली एका वृत्तवाहिनीने अशी वापरलेली यंत्रे विकत घेऊन उघडली, तेव्हा आत रुग्णांची माहिती सापडली. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची माहिती धोक्यात आली असावी, असे त्या संस्थेने कळवले आणि २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. चोरी कोणीच केली नव्हती. जुनी वस्तू न तपासता दाराबाहेर गेली, एवढेच घडले होते.

पुसणे म्हणजे नेमके काय

पूर्वी रुग्णालयात रेकॉर्ड रूम असे. फडताळांवर हजारो फायली आणि दाराशी एक सूचीची वही. समजा, कारकुनाने वहीतली एक ओळ खोडली. फाइल शोधणे अवघड झाले, पण फाइल फडताळावर तशीच आहे. चिकाटीने शोधणाऱ्याला ती सापडेल. फोनमध्ये किंवा संगणकात आपण 'डिलीट' करतो, तेव्हा बहुतेक वेळा असेच होते. ओळ खोडली जाते आणि जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर राहू शकतो. शिवाय अनेक फोनमध्ये पुसलेले फोटो ३० दिवस वेगळ्या कचरापेटीत राहतात, ते तर कोणालाही परत काढता येतात.

अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट साफ केलेल्या होत्या. बाकीच्यांतून पत्रे, क्रेडिट कार्डांचे नंबर, वैद्यकीय मजकूर मिळाला. पुढे २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २१ जुने अँड्रॉइड फोन तपासले. त्या काळच्या काही फोनांत तर पूर्ण 'फॅक्टरी रिसेट' केल्यावरही संदेश, छायाचित्रे आणि गूगल खात्यात शिरण्याची किल्ली परत मिळवता आली.

हे वाचून घाबरू नये, कारण त्यानंतर उपाय सापडला आणि तो आता आपल्या हातातल्या फोनमध्येच आहे. त्याचे नाव एन्क्रिप्शन. पुन्हा रेकॉर्ड रूमचेच उदाहरण घेते. प्रत्येक फाइल सांकेतिक लिपीत लिहिलेली आहे आणि ती वाचण्याची किल्ली एकाच लहान डबीत आहे, असे समजा. ती किल्ली नष्ट केली की फायली फडताळावर राहिल्या तरी त्या निरर्थक अक्षरांचे ढीग होतात. आयफोनमध्ये ही सोय २००९ च्या मॉडेलपासून आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या अखेरीस आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या फोनांत ती मुळातच चालू असते. अशा फोनवर फॅक्टरी रिसेट केला की ती किल्लीच नष्ट होते. म्हणून आजच्या फोनसाठी मी निर्धास्तपणे सांगते: एकेक फोटो पुसत बसू नका, रिसेट करा. फोन त्याहून जुना असेल, तर आधी सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात जाऊन एन्क्रिप्शन चालू करावे आणि ते पूर्ण झाल्यावर रिसेट करावा.

क्रम महत्त्वाचा आहे

शस्त्रक्रियेत प्रत्येक पायरी योग्य असूनही क्रम चुकला तर रुग्ण अडचणीत येतो. इथेही तसेच आहे. रिसेट हे शेवटचे काम. त्याआधीची कामे राहिली, तर माहिती सुरक्षित होईल पण आपणच बाहेर अडकू. शक्यतो दोन-तीन दिवस हाताशी ठेवून पुढील क्रमाने जावे.

पहिले काम प्रत काढण्याचे. फोटो, नंबर आणि कागदपत्रे नव्या फोनवर किंवा आपल्या क्लाउड खात्यात गेली आहेत का, हे नव्या फोनवर प्रत्यक्ष उघडून पाहावे. 'बॅकअप पूर्ण' या शब्दांवर विसंबू नये. पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो, एखादा कमी वापरातला नंबर उघडून पाहिला की खात्री पटते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जायचे असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपची संभाषणे हलवण्याची सोय दोन्ही फोन जवळ असतानाच वापरता येते.

इथे एक धोक्याची सूचना. फोन खात्याला जोडलेला असताना हाताने फोटो किंवा नंबर पुसू नयेत. तसे केल्यास ते क्लाउडमधूनही पुसले जातात आणि नव्या फोनवरूनही नाहीसे होतात. 'आधी थोडी सफाई करते, मग देते' असे म्हणणाऱ्या आजींची नातवंडांची छायाचित्रे अशीच जातात.

दुसरे काम किल्ल्या हलवण्याचे. आजचा फोन म्हणजे घराच्या चाव्यांचा जुडगा आहे, आणि सिंगापुरात तर फारच मोठा. सिंगपासवर सीपीएफ, कर, हेल्थहबमधले आपले वैद्यकीय तपशील, सगळे उघडते. सिंगपासचे अ‍ॅप एका वेळी एकाच फोनवर चालते. नव्या फोनवर ते सुरू केले की जुन्यावरचे आपोआप निष्क्रिय होते. चेहऱ्याची पडताळणी लागते, म्हणून हे घरी, निवांतपणे, स्वतः करावे.

त्यानंतर बँकेचे डिजिटल टोकन. इथे घाई चालत नाही, आणि त्यामागे एक कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस पाठवून सुमारे ७९० ग्राहकांचे १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर लुबाडले गेले. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये येथील मध्यवर्ती प्राधिकरणाने आणि बँक संघटनेने काही नियम जाहीर केले. नव्या फोनवर टोकन चालू होण्यास किमान १२ तासांचा विलंब ठेवावा, हा त्यांतला एक. चोराने आपले टोकन त्याच्या फोनवर घेण्याचा प्रयत्न केला, तर आपल्याला सावध व्हायला वेळ मिळावा, हा हेतू. त्यामुळे आपण स्वतः फोन बदलतानाही थांबावे लागते. सकाळी टोकन बदलायला घेतले आणि दुपारी जुना फोन देऊन टाकला, असे करू नये. नव्या फोनवरून एखादा लहानसा व्यवहार पार पडला, की मगच जुन्या फोनकडे वळावे.

तिसरे काम खास आपल्यासारख्यांचे: भारतातल्या सिमचे. अनेकांच्या जुन्या फोनमध्ये भारतातल्या बँकेच्या ओटीपीसाठी जपलेले सिम असते. ते फोनबरोबर जाता कामा नये. आणि ते बंद करायचे ठरवले असेल, तर आधी बँक, आधार, आयकर, भविष्य निर्वाह निधी, विमा अशा सर्व ठिकाणी नंबर बदलून घ्यावा. भारतात बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला होता. नंबर सोडताना त्याला जोडलेले व्हॉट्सअ‍ॅप खाते आणि त्यातली माहिती पुसणे हे ग्राहकाचे काम आहे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. यूपीआय वापरणाऱ्यांनी ते अ‍ॅपही नव्या फोनवर नोंदवून घ्यावे. २०२३ पासून सिंगापूरच्या नंबरावरूनही अनिवासी खात्याचे यूपीआय वापरण्यास मुभा मिळाली आहे, त्यामुळे केवळ यूपीआयसाठी भारतातले सिम जपत असाल, तर आपल्या बँकेकडे चौकशी करावी.

चौथे काम खात्यांतून बाहेर पडण्याचे. आयफोन असेल तर अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करावे आणि 'फाइंड माय' बंद करावे. अँड्रॉइडवर गूगलचे आणि सॅमसंग असल्यास सॅमसंगचे खाते काढावे. हे राहिले, तर रिसेट झालेला फोनही पहिल्या मालकाचा पासवर्ड मागतो. चोरी रोखण्यासाठी ठेवलेले हे कुलूप आहे. ते न काढता दिलेला फोन घेणाऱ्याला निरुपयोगी ठरतो. मनगटावरचे घड्याळ जोडलेले असेल, तर तेही आधी सोडवून घ्यावे.

पाचवे काम वस्तू काढण्याचे. सिमकार्ड आणि बारीक मेमरी कार्ड काढून घ्यावे. अँड्रॉइडचा रिसेट मेमरी कार्डाला बहुधा हात लावत नाही. वर्षानुवर्षांचे फोटो त्यावर तसेच राहतात. ई-सिम असेल, तर ते आधी नव्या फोनवर हलवावे आणि रिसेटच्या वेळी विचारणा झाल्यास ते पुसण्याचा पर्याय निवडावा.

सहावे आणि शेवटचे काम रिसेटचे. फोन चार्जरला लावून ठेवावा. आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग खाली 'ट्रान्सफर ऑर रिसेट' आणि त्यात 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. सॅमसंगवर सेटिंग्ज, 'जनरल मॅनेजमेंट', 'रिसेट', 'फॅक्टरी डेटा रिसेट'. इतर अँड्रॉइडवर बहुधा सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम' या विभागात 'रिसेट ऑप्शन्स' आणि त्यात 'इरेज ऑल डेटा' असते. नुसते 'रिसेट सेटिंग्ज' किंवा 'रिसेट नेटवर्क' निवडून चालत नाही. त्याने माहिती पुसली जात नाही.

रिसेट झाल्यावर फोन भाषा विचारत उभा राहील. तिथेच न थांबता वायफाय जोडून दोन-तीन पडदे पुढे जावे. त्याने आपला जुना पासकोड किंवा जुने खाते मागितले, तर चौथे काम राहिले आहे असे समजावे. काही न मागता नवे खाते जोडायला सांगितले, तर फोन द्यायला तयार आहे. तिथून तो बंद करावा.

बंद पडलेला फोन

पडदा फुटला आहे, बटण चालत नाही, चार्ज होत नाही, अशा फोनचे काय? दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या अ‍ॅपल किंवा गूगल खात्यात जाऊन तो फोन दुरून पुसण्याची आज्ञा देता येते. फोन चालू होऊन इंटरनेटला जोडला गेला, की ती पाळली जाते. तेही शक्य नसेल, तर आपल्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून तो काढून टाकावा, खात्याचा पासवर्ड बदलावा आणि सिंगपास व बँक नव्या फोनवर घेऊन जुनी जोडणी तोडावी. पासकोड लावलेला अलीकडचा फोन आतून एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे भंगारात गेला तरी तो वाचणे फार कठीण असते. ज्या फोनला कधी पासकोडच लावला नव्हता, तो मात्र रिसेट होईपर्यंत घराबाहेर पाठवू नये. दुरुस्ती करून घेऊन, तिथेच डोळ्यांसमोर पुसून घ्यावा.

हातोडी मारून किंवा खिळा ठोकून फोन नष्ट करण्याचा सल्ला काही जण देतात. तसे मुळीच करू नये. आतल्या लिथियम बॅटरीला भोक पडले तर ती पेटते, आणि भाजलेले हात मी नोकरीत पुरेसे पाहिले आहेत. बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली असेल, तर तो चार्ज करू नये, दाबू नये आणि संकलनाच्या पेटीतही टाकू नये. आधी विचारून प्रत्यक्ष माणसाच्या हातात द्यावा. इमारतीच्या कचऱ्याच्या नळीत तर कोणताच फोन टाकू नये.

कोठे द्यावा

चालू फोन असेल, तर तो दुसऱ्याच्या उपयोगी पडावा हे उत्तम. येथे वापरलेल्या वस्तू ऑनलाइन विकण्याची रीत रुळली आहे. आपल्या शेजारच्या विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनीच २०१२ मध्ये कॅरोसेल सुरू केले. एमआरटी स्थानकावर भेटून पाच मिनिटांत व्यवहार होतो. त्या पाच मिनिटांत, घेणाऱ्यासमोर घाईने रिसेट करू नये. इमारतीखाली भोंगा वाजवत येणाऱ्या करांग गुनीला किंवा मॉलमधल्या दुकानाला देतानाही हेच. दुकानदार म्हणतो, "आम्ही पुसून घेऊ, तुम्ही पासकोड सांगा." पासकोड कोणालाही सांगू नये. फोन स्वतः पुसावा, मगच हातातून सोडावा.

निरुपयोगी फोन ई-कचऱ्याच्या पेटीत द्यावा. १ जुलै २०२१ पासून राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या देखरेखीखाली ही संकलन योजना सुरू आहे आणि पेट्या मॉल, कम्युनिटी क्लब अशा ठिकाणी असतात. या देशात दरवर्षी सुमारे ६०,००० टन ई-कचरा निर्माण होतो. माणशी हिशेब केला तर तो ७३ मोबाइल फोनांएवढा भरतो. पेटी कुलूपबंद असली, तरी फोन पुसून टाकण्याची जबाबदारी आपलीच.

आपल्यापैकी बरेच जण जुना फोन गावी नेतात. भाच्याला, घरकामाच्या मावशींना किंवा शाळेतल्या एखाद्या मुलीला देतात. घरातच तर द्यायचा आहे म्हणून तो तसाच दिला जातो. मग आपले जुने खाते त्या फोनमध्ये चालू राहते. आपले ईमेल तिकडे दिसतात आणि त्यांचे फोटो आपल्या खात्यात येऊ लागतात. यात त्यांचा काही दोष नसतो, पण संकोच दोन्हीकडे होतो. ज्याला फोन देतो, त्याला तो पूर्णपणे त्याचा म्हणून द्यावा. वरचे सहाही नियम तिथेही लागू आहेत.

गेलेल्या माणसाचा फोन

हा भाग लिहिताना हात जड होतो, पण तो टाळता येत नाही. घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्यावर तिचा फोन महिनाभरात कोणाला तरी देऊन टाकला जातो. थोडे थांबावे. बँकेची, विम्याची, निवृत्तिवेतनाची कामे पूर्ण होईपर्यंत तो फोन आणि तो नंबर चालू ठेवावा. फोटो, आवाजाचे संदेश, हस्ताक्षरातल्या यादीचे फोटो जपून दुसरीकडे घ्यावेत. मगच फोन रिसेट करावा. ते सोपे जावे म्हणून आपण स्वतः आजच दोन गोष्टी करू शकतो. अ‍ॅपलच्या खात्यात 'लेगसी कॉन्टॅक्ट' म्हणून एखाद्या विश्वासू व्यक्तीचे नाव नोंदता येते. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची तशीच सोय आहे. इच्छापत्राइतकेच हेही आवश्यक झाले आहे. मुलांना त्याबद्दल सांगून ठेवावे, म्हणजे आपल्या पश्चात त्यांना कुलपे फोडत बसावे लागणार नाही.

नम्र विनंती

ज्यांना हे सारे एकट्याने जमणार नाही असे वाटते, त्यांनी संकोच करू नये. येथील काही वाचनालयांत आणि कम्युनिटी क्लबांत सरकारी 'डिजिटल अ‍ॅम्बॅसडर' ज्येष्ठांना विनामूल्य मदत करतात. आपल्या मंडळींतली तरुण मुले आहेतच. मदत जरूर घ्यावी, पण पासकोड स्वतःच्या बोटांनी टाकावा आणि बँकेचे अ‍ॅप स्वतःच उघडावे. मदत करणाऱ्या मुलांनाही माझे सांगणे आहे, की आजोबा पासकोड टाकत असताना नजर दुसरीकडे वळवावी. कुठे फसवणुकीची शंका आली, तर १७९९ या नंबरावर लगेच विचारावे.

विश्वस्त मंडळाकडे फोन आणताना तो रिसेट केलेला, सिम आणि कार्ड काढलेला असावा. चार्जर असेल तर सोबत द्यावा. विद्यार्थ्यांना त्याचीही गरज असते. फोन बंद स्थितीत, स्वच्छ पुसून, पाकिटात घालून आणावा आणि पाकिटावर फक्त मॉडेलचे नाव लिहावे. आपले नाव किंवा जुना पासकोड लिहू नये. कपाटात पडलेले असे दोन फोन जरी प्रत्येक घरातून आले, तरी पुष्कळ मुलांची सोय होईल, आणि आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली कोणाचीही माहिती त्यांच्याबरोबर जाणार नाही.

आपली,
एक निवृत्त डॉक्टर, क्लेमेंटी